चांदीचा डाग

८ जून १९९८

शेडचा ताबा मिळाला. एमआयडीसीत अगदी कडेला, वर पत्रे, शेजारी सळईची रोलिंग मिल. मिल चालू असली की जमीन थरथरते आणि समोरच्याशी ओरडून बोलावं लागतं. औरंगाबादची नोकरी सोडून जालन्यात आलो हे बायकोला, नंदाला, पसंत नाही. ती तसं म्हणत नाही. विचारलेल्याचं उत्तर देत नाही, त्यावरून कळतं.

सकाळी डॉक्टर जगन्नाथ आले होते. मूळचे जालन्याचेच, आता औरंगाबादला हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासतात. मांडीच्या शिरेतून बारीक नळी आत घालतात आणि पार हृदयापर्यंत नेतात. त्यांनी बॅगेतून वापरून बाद झालेला एक परदेशी कॅथेटर काढून माझ्या हातावर ठेवला. मुठीवरचं चाक फिरवलं की पलीकडचं टोक हवं तिकडे वळतं, जनावर मान वळवतं तसं.

"साधी नळी फाट्यापर्यंत जाते, भुजंगराव," डॉक्टर म्हणाले. "पण फाट्यावर हव्या त्या गल्लीत वळत नाही. ढकलत राहिलो तर भिंत फाटते. ही वळते, पण ही मिळत नाही. धुऊन धुऊन एकच वापरतो आम्ही. तुम्ही इथं करून दाखवा."

दुपारी ती नळी उभी चिरून पाहिली. भिंतीलगत केसाएवढी तार, ती टोकाजवळच्या बारीक कडीला जोडलेली. मुठीचं चाक तार ओढतं, कडी एका अंगाला खेचली जाते, टोक वाकतं. सगळा जीव त्या एका सांध्यात आहे. मला जमेल.

१९ जून

हसनाबादहून धर्मराज आला. माझा धाकटा भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. भोकरदनला घड्याळाच्या दुकानात होता, त्यामुळे भिंगाखालचं काम त्याला येतं. माझी बोटं जाड आणि जवळचं दिसायला चष्मा लागतो. डिझाइन माझं, सांधा त्याचा, असं ठरलं.

तार आणि कडी दोन्ही स्टीलच्या. त्या जोडायला बारीक ज्योतीवर चांदीचा डाग द्यावा लागतो, म्हणजे वितळलेल्या चांदीचा खसखशीपेक्षा लहान थेंब. जास्त झाला तर कडी नळीत बसत नाही, कमी झाला तर ओढ लागताच सुटतो. ज्योत जरा जास्त वेळ लागली तर तार जळून ठिसूळ होते. धर्मराजनं आज पाच डाग दिले, पाचही टिकले. मी खूश होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली तर एवढा दचकला की ज्योतीची टाकी पडता पडता राहिली. लहानपणापासून भित्रा आहे.

केशरला, म्हणजे आमच्या मुलीला, काका आल्याचा फार आनंद. नऊ वर्षांची झाली तरी त्याच्या खांद्यावर चढते.

७ जुलै

दहातले सात सुटले. मुंबईहून आणलेली तार, मोजून घेतलेली, आणि असं.

"हे काय करून राह्यलास धर्मा?" मी म्हणालो.

"दादा, बराबरच दिल्ता. मला बी कळंना."

कळंना हे उत्तर मला सहन होत नाही. ज्या पितळी सळईवर आम्ही नळी चढवतो ती माझ्या हातात होती, ती त्याच्या मनगटावर बसली. मारायचं म्हणून मारली नाही. आवाज मात्र मिलच्या गोंगाटातही ऐकू आला.

नंतर मी स्वतः त्याला आंबेहळद लावली, पट्टी बांधली. हाड शाबूत आहे. कामावर लक्ष नसलं की असं होतं हे त्याच्या आता ध्यानात राहील.

८ जुलै

एकही टिकला नाही. वैताग.

१५ जुलै

कारण सापडलं असं वाटतं. मिलची थरथर. टेबलाच्या पायांखाली रबराच्या जाड पट्ट्या घातल्या, टेबल भिंतीपासून दूर घेतलं. धर्मराजला म्हणालो, तुझी चूक नव्हती. तो मान खाली घालून "हाव" म्हणाला. चूक नव्हती म्हटल्यावर माणसानं जरा वर बघायला पाहिजे.

३० जुलै

आज शेजारच्या मिलमध्ये लाल तापलेली सळई रुळांतून निसटली, हवेत वळली आणि अप्पाराव नावाच्या मजुराच्या मांडीत घुसून पलीकडे निघाली. आरडाओरड ऐकून आम्ही दोघं पळालो. मांस जळाल्याचा वास होता. लोकांनी सळई ओढून काढली, ती चूक झाली, मग रक्त थांबेना. मी त्याच्या जांघेत मूठ रोवली आणि शीर दाबून धरली. टेम्पोत घातलं तेव्हाही हात काढला नाही. धर्मराजनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. खड्डा आला की अप्पाराव आईला हाक मारायचा आणि मी त्याला म्हणायचो, "गप पड बाबा, मी धरलंय, मी सोडत नाही."

दवाखान्यात म्हणाले, पाय बहुतेक जाईल, जीव राहिला तो तुमच्या मुठीमुळे.

परत येताना धर्मराज सारखा माझ्या हातांकडे बघत होता.

"काय बघून राह्यला?"

"काई न्हाई दादा."

घरी नंदानं शर्ट धुवायला घेतला, रक्त पाहिलं आणि विचारलं, "कुणाचं?" कुणाचं असं का विचारावं? तुम्हाला कुठं लागलं का, असं विचारायला हवं होतं.

२२ ऑगस्ट

पोळ्याला हसनाबादला गेलो होतो, आज परतलो. बाबा सत्तरी ओलांडून गेले तरी अजून स्वतः बैल धुतात. बाबांच्या, म्हणजे रामरावांच्या, बैलाला मिरवणुकीत मान खाली घालायची हिंमत नाही असं गावात म्हणतात. मी सातवीला गणितात नापास झालो तेव्हा त्यांनी मला गोठ्यातल्या खुंट्याला बांधून चाबकानं मारलं होतं. आई मध्ये पडली तर तिचा दात गेला. त्यानंतर मी कधी नापास झालो नाही. इंजिनिअर झालो ते त्या चाबकामुळे, हे मी सगळ्यांना सांगतो.

या वेळी सण बिघडला. वेशीपाशी बैल उभे असताना गावातल्या रखमाजीच्या पोरानं धर्मराजच्या अजूनही पट्टी बांधलेल्या हाताकडे बघून काहीतरी म्हटलं. काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. धर्मराजनं जुवाची लोखंडी शिवळ, म्हणजे बैल अडकवायची खीळ, उपसली आणि त्याच्या तोंडावर घातली. तो खाली पडल्यावरही घालत राहिला. जबडा एका बाजूला लटकला होता, तरी घालत होता. आम्ही चौघांनी ओढलं तेव्हा सुटला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मला ओळखलं नाही. डोळे भलतीकडेच होते.

बाबा हसले. "आता झाला मर्द," म्हणाले.

रखमाजीच्या हातापाया पडून मिटवावं लागलं. इतका राग या गरीब पोराच्या अंगात कुठून आला, मला बिलकुल कळत नाही. आमच्या घरात असं कुणी नाही.

१३ सप्टेंबर

मुंबईहून परतलो. आठवडा तिकडेच गेला, नळीचा नवा माल निवडण्यात. शेडवर येऊन बघतो तर धर्मराजनं मागे ट्रेभर टोकं तयार ठेवलेली. एकेक ताणून पाहिलं. सगळी टिकली. एकही सुटलं नाही.

जायच्या आधी मी डागाला लावायची नवी पूड आणून दिली होती, तिचाच हा परिणाम. डॉक्टरांना फोन करून सांगितलं. फार खूश झाले. पुण्याच्या एका कंपनीची माणसं घेऊन पुढच्या महिन्यात येतो म्हणाले. त्यांना पसंत पडलं तर जनावरावर चाचणी, आणि ती पार पडली तर माणसावर.

नंदानं पुरणपोळी केली होती. आठवडाभर घरात सगळी हसत होती असं शेजारच्या बाई म्हणाल्या. मी नसताना कशाला हसत होती, विचारलं तर नंदा म्हणाली, "सहजच."

१७ सप्टेंबर

पुन्हा सुटायला लागले. पुडीचा डबा उघडा राहिला असणार, हवा दमट आहे. धर्मराज म्हणतो झाकण लावलं होतं. खोटं बोललेलं मला चालत नाही. त्याच्या कानफटात दिली ती जरा जोरात लागली, कारण तो भिंतीवर आपटला. उठून परत स्टुलावर बसला आणि ज्योत पेटवली. त्यानंतर दिलेले सगळे डाग वाया गेले. हट्टानं वाईट काम करतो आहे की काय, अशी मला शंका येते.

२७ सप्टेंबर

खाटकाकडून बकऱ्याच्या हृदयाची मोठी धमनी आणली. कोमट मिठाच्या पाण्यात ठेवून तिच्यातून टोक फिरवून पाहिलं. भिंत आतून ओल्या रेशमासारखी असते. टोकानं तिला नुसतं टेकायचं, ढोसायचं नाही. ढोसलं की पांढरा ओरखडा उठतो, आणि माणसाच्या अंगात तो ओरखडा म्हणजे मरण. मी तासन्‌तास बसून टोकाला सिलिकॉनची मऊ टोपी घातली आणि मुठीचं चाक इतकं हलकं केलं की लहान मुलानंही फिरवावं. त्यानंतर ओरखडा उठेना.

डॉक्टर फोनवर म्हणाले, "पेशंटबद्दल तुमच्या मनात कणव आहे, भुजंगराव. डिझाइनमध्ये दिसते."

हे वाक्य मी नंदाला सांगितलं. ती हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं? मी खोलीचं दार ओढून घेतलं तेव्हा तिचं बोट फटीत होतं, ते मला दिसलं नाही. नख गेलं, बोट काळंनिळं झालं. ती म्हणते, दिसलं होतं. दार जोरात ओढलं हे खरं आहे.

३ ऑक्टोबर

केशरला शिस्त लागली आहे. माझी गाडी दारात वाजली की ती पुस्तक उघडून बसलेली असते. आत आल्यावर घरात टाचणी पडल्याचा आवाज येईल इतकी शांतता. पूर्वी असं नव्हतं.

१२ ऑक्टोबर

सगळं धुळीला मिळालं.

डॉक्टर पुण्याच्या दोघांना घेऊन आले. मी काचेच्या नळ्यांचं हृदय मांडलं होतं, फाटे, वळणं, सगळं. कॅथेटर मी चालवला. पहिल्या फाट्यावर टोक डावीकडे वळलं, दुसऱ्या फाट्यावर उजवीकडे. पुण्याचा मोठा साहेब पुढे वाकला. तिसऱ्या वळणावर चाक माझ्या हातात एकदम ढिलं झालं. आत तार सुटली होती. टोक मेलेल्या गांडुळासारखं लोंबत राहिलं.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. हातात पाना होता. धर्मराज स्टुलावरून खाली होता आणि त्यानं डोकं दोन्ही हातांत झाकलं होतं. मी हात बाजूला काढून मारत होतो. पुण्याचा धाकटा साहेब पळत बाहेर गेला. डॉक्टरांनी मला मागून कव घालून धरलं तेव्हा थांबलो. धर्मराजच्या डाव्या कानातून रक्त येत होतं, मानेवरून शर्टात.

मी पुण्याच्या साहेबाला समजावत होतो, "डिझाइन पक्कं आहे साहेब. या शेजारच्या मिलची जमीन थरथरते, त्यानं सांधा कच्चा राहतो, दुसरं काही नाही."

डॉक्टर धर्मराजच्या कानाला रुमाल लावून बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मिल आज बंद आहे, भुजंगराव."

मी ऐकलं. खरंच बंद होती. पत्र्यावर कावळे चालत होते तेवढा आवाज.

१४ ऑक्टोबर

शेडवरून आलो तर घराला कुलूप. शेजारच्या बाईंकडे किल्ली. नंदा केशरला घेऊन माहेरी वाटूरला गेली. धर्मराजलाही सोबत नेलं. त्याच्या कानाचा पडदा फाटलाय म्हणे, त्या कानानं आता ऐकू येणार नाही.

सख्खा भाऊ माझा. तिला त्याला न्यायचा काय अधिकार?

६ नोव्हेंबर

डाव्या हातानं लिहितो आहे. अक्षर लागत नाही, म्हणून थोडकं लिहीन.

भाऊबीजेला वाटूरला गेलो. सणाच्या दिवशी नंदाचे भाऊ काही बोलणार नाहीत असा माझा हिशोब होता. अंगणात शिरलो तर ओवाळणीचं ताट अजून ओसरीवर होतं. तिचा थोरला भाऊ कारभारी पुढे आला.

"पाव्हणं, पाणी प्या आन माघारी जा," तो म्हणाला.

"बायको-पोरीला न्यायला आलोय. आणि माझ्या भावाला."

"नंदा येत न्हाई. पोरगी बी न्हाई. धर्मराजचं तेला इचारा, तो लहान न्हाई."

मी आत जायला निघालो. नंदा दारात होती. मी तिचा हात धरला. फक्त हात धरला. तिनं ओढला, मी सोडला नाही, आणि तिचं ते बोट माझ्या मुठीत आलं असावं, ती ओरडली. मग कारभारीनं मला कॉलरला धरून अंगणात आणलं. दोघं धाकटे गोठ्यातून कुऱ्हाडीचे दांडे घेऊन आले. पहिला दांडा पाठीत बसला, दुसरा बरगडीवर. मी हात वर केला तर त्याच हातावर बसला, मनगटाखाली, आणि हाड मोडलेलं मला आतून ऐकू आलं. तोंडात माती होती. सगळ्या आळीतली माणसं भिंतीवरून बघत होती. कुणी हललं नाही.

धर्मराज ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. कानावर पट्टी. मी त्याच्याकडे बघून "धर्मा" म्हणालो. त्यानं एकदाही सोडा म्हटलं नाही. मारलंही नाही. नुसता बघत होता, डागाची ज्योत निळी व्हायची वाट बघतो तसा. दांड्यापेक्षा मला ते जास्त लागलं.

शेवटी "पुरे" कोण म्हणालं तर नंदा. म्हणाली, "पुरे आता दादा. मरंल."

त्यांच्याच जीपमधून मला जालन्याला आणून टाकलं.

२४ नोव्हेंबर

जमादार तक्रार लिहायला आला होता. "नावं सांगा, उचलून आणतो," म्हणाला. मी म्हणालो, विचार करून सांगतो. का म्हणालो ते मलाही सांगता येत नाही. तक्रार दिली तर धर्मराजला साक्षीला बोलावतील. तो खांबाला टेकून काय काय सांगेल, याचा विचार मनात आला.

दुपारी डॉक्टर आले. खुर्ची ओढून बसले आणि सरळच म्हणाले, "धर्मराजला मी औरंगाबादला नेलंय. दवाखान्याच्या मागे खोली दिलीय. डाग देतोय."

"टिकतात?"

"टिकतात. सगळे."

"तिकडची हवा कोरडी आहे," मी म्हणालो.

डॉक्टरांनी खुर्ची जरा मागे सरकवली. मग म्हणाले, पुण्याची कंपनी एकदा जनावरावर चाचणी बघायला तयार आहे. मूठ आणि चाक तुमचंच लागेल, त्याला तोड नाही. नाव तुमचं राहील. हात बरा झाला की तेवढं करून द्या.

मी हो म्हणालो.

६ डिसेंबर

नंदा कपडे न्यायला आली. बरोबर केशर. नंदा आत पेटी भरत होती, केशर उंबऱ्यात उभी होती. उंच झाल्यासारखी वाटली. तिच्या आवडीची चिक्की मी आणून वर फळीवर ठेवली होती. ती काढायला मी हात वर केला. प्लास्टरमधलाच हात, सवयीनं तोच वर गेला.

केशरनं डोळे घट्ट मिटले आणि मान खांद्यात घातली.

"अगं, चिक्की देतोय," मी म्हणालो. "हात मोडलाय माझा. या हातानं काय करणार मी?"

तिनं डोळे उघडले नाहीत. नंदा बाहेर आली होती. मी तिला म्हणालो, "हे काय शिकवलंस पोरीला?"

"मी न्हाई शिकवलं. तिलाच इचारा."

मी खाली बसलो, म्हणजे तिच्याएवढा झालो, आणि विचारलं. केशर म्हणाली, "काका म्हणला, डोळे मिटले की कमी लागतं."

"तुला मी कधी मारलं? दोनदा. तेही अभ्यासावरून."

"हाव," ती म्हणाली. जशी चूक मान्य करून टाकावी तशी म्हणाली. अगदी धर्मराजसारखं.

चिक्की तिनं घेतली. बस मिळायला पाहिजे म्हणून त्या जल्दी निघाल्या. घरात टाचणी पडल्याचा आवाज येईल इतकी शांतता आहे. आज ती शिस्तीसारखी वाटली नाही.

१७ जानेवारी १९९९

प्लास्टर काढून दोन आठवडे झाले. मनगट पूर्ण वळत नाही. कॅथेटरची मूठ करायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला, तरी झाली. चाक करंगळीनंही फिरतं.

जमादाराला निरोप दिला, तक्रार द्यायची नाही.

बाबा दोन दिवस राहून गेले. "सासरवाडीत मार खाऊन आला आन गप बसला, कुणाचं पोरगं म्हनावं तुला," असं म्हणाले आणि जेवताना ताट भिंतीवर फेकलं. भात भिंतीला चिकटला. मी चाळीस वर्षांचा माणूस, पण ताट सुटलं तेव्हा माझे डोळे मिटले. मग भात खरवडत बसलो.

१९ फेब्रुवारी

परभणीहून आत्ताच परतलो. जसं झालं तसं लिहून ठेवतो.

चाचणी तिथल्या जनावरांच्या कॉलेजात होती. बोकडाला भूल देऊन टेबलावर आडवं केलं होतं. मी पोचलो तेव्हा गडबड चालू होती. औरंगाबादहून आणलेल्या नळीवर वाटेत पेटी पडून टोक चेपलं होतं. धर्मराज शेजारच्या खोलीत खिडकीपाशी नवा डाग देत होता. मी मूठ घेऊन दारातून आत गेलो. डाव्या कानानं त्याला ऐकू येत नाही आणि मी त्याच बाजूनं गेलो, म्हणून त्याला मी आलेलं कळलं नाही.

मी त्याच्या मागे उभा राहून पाहिलं. एका हातात चिमटा, चिमट्यात तार, दुसऱ्या हातात ज्योत. हात दगडाचे असावेत तसे स्थिर. ज्योतीचं टोक कडीला टेकलं, चांदी चमकली, पसरली आणि थांबली. एवढंच. सगळं शांतपणे झालं. इतके महिने हा माझ्या शेडमध्ये काम करत होता, पण हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी समोर असायचो.

दुसरं टोक राखीव म्हणून करायचं होतं. कडी घ्यायला तो वळला आणि त्यानं मला पाहिलं.

"आला का दादा," म्हणाला. अगदी साधं. परत बसला. चिमट्यात तार घेतली, आणि चिमटा कडीवर वाजायला लागला. बारीक टिकटिक, थांबेना. त्यानं मनगट टेबलाला टेकवलं तर टेबलावरची भिंगं वाजायला लागली. त्यानं दुसऱ्या हातानं तो हात धरला, मग दोन्ही हलायला लागले. त्याच्या कपाळावर घाम आला. तो माझ्याकडे बघत नव्हता, हाताकडे बघत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

मी खाली फरशीकडे पाहिलं. तिथं कुठलीही मिल नव्हती. खिडकीत कोरडं ऊन होतं. पुडीचं झाकण लावलेलं होतं, मी पाहिलं.

डॉक्टर दारात येऊन उभे होते. ते धर्मराजकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मी मूठ टेबलाच्या कडेला ठेवली आणि बाहेर गेलो.

पायरीवर बसलो. समोर एक गडी वासराच्या पायाची जखम धूत होता. वासरू लाथा झाडत होतं आणि तो नुसताच "हो, हो" म्हणत होता, पाय सोडून परत धरत होता. मी तेवढंच बघत राहिलो. मनात काय होतं ते नीट लिहिता येत नाही. पितळी सळई, पाना, त्याचं मनगट, सगळं एकामागून एक समोर येत होतं आणि प्रत्येक वेळी मी त्याचं काहीतरी कारण शोधत होतो आणि सापडत नव्हतं.

बऱ्याच वेळानं आतून टाळ्या ऐकू आल्या. मग धर्मराजचं हसणं. तो मोठ्यानं हसतो हे मी विसरलो होतो.

डॉक्टर बाहेर आले. "वळलं," म्हणाले. "दोन्ही फाट्यांत गेलं, भिंतीला ओरखडा नाही. तुमची मूठ लोण्यासारखी फिरते. आत येऊन बघा."

"आत धर्मा असेल तर नको," मी म्हणालो.

त्यांनी आग्रह केला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि परत आत गेले.

धर्मराज नळावर हात धुवायला आला तेव्हा मी उठून उभा राहिलो. ऐकू येणाऱ्या बाजूला गेलो, पण दोन हात लांबच थांबलो आणि माझे हात खिशात घातले.

"डाग चांगला बसला," मी म्हणालो.

"हाव."

"धर्मा, ते मिलमुळं नव्हतं."

तो साबण चोळत राहिला. बोटं, मनगट, परत बोटं. पट्टी नव्हती, पण मनगटावर जुनं टेंगूळ अजून आहे.

"मला ठावं होतं दादा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मी रागाची वाट बघत होतो, रागाचं मला काही करता आलं असतं. "वहिनीला बी ठावं होतं."

मी विचारलं, "जेवलास का?"

"न्हाई अजून." त्यानं नळ बंद केला, हात झटकले. मग माझ्या छातीकडे बघत, तोंडाकडे नाही, म्हणाला, "दादा, पुढल्या बारीला तुमी येऊ नका. मूठ पोस्टानं धाडा. मी बसवून घेतो."

"बरं," म्हणालो.

तो आत गेला. मी एसटी स्टँडकडे चालत निघालो.

पुढची मूठ महिनाभरात तयार होईल. पोस्टात जाऊन विचारायला हवं, इतकी नाजूक वस्तू वाटेत मोडू नये म्हणून कशात गुंडाळतात.